पाटी फुटली, पाठ उरला: मिनिमिग आणि छोट्या एफपीजीए बोर्डाची निवड

१/२५
जानेवारी १९८४. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोठ्या प्रदर्शनात निवडक पाहुण्यांना बंद दालनात नेऊन एक नवे यंत्र दाखवले जात होते. पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा एक चेंडू उसळत होता. त्या काळातील घरगुती संगणकांना न पेलणारी ती हालचाल होती. यंत्राचे नाव होते ‘लोरेन’. मात्र ज्या तीन खास चिप्सच्या बळावर हे घडायचे होते, त्या अजून जन्माला आल्याच नव्हत्या. त्यांच्या जागी एकावर एक रचलेले बोर्ड आणि हाताने जोडलेल्या तारांचे जंगल काम करीत होते.

२/२५
एकवीस वर्षांनी, जानेवारी २००५ मध्ये, नेदरलँड्समधील डेनिस व्हॅन वीरन या अभियंत्याने तेच यंत्र एकट्याने पुन्हा उभारायला घेतले. तारांच्या त्या जंगलाची जागा या वेळी एका चिपने घेतली. ती ‘एफपीजीए’ जातीची होती, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही आतले सर्किट बदलता येणारी. या यंत्राला नाव मिळाले ‘मिनिमिग’. स्वतःच्या प्रकल्पासाठी कमीत कमी सामग्रीचा एफपीजीए बोर्ड कसा निवडावा, या प्रश्नाचे उत्तर मिनिमिगच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही किंमतपत्रकात दिसत नाही.

३/२५
आधी त्या तीन चिप्सविषयी. लोरेन म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेला ‘अमिगा’. त्याच्या रचनेमागे जे मायनर होते. अटारीच्या खेळयंत्रांसाठी त्यांनी पूर्वी चिप्स घडवल्या होत्या. अमिगामध्ये त्यांनी कामाची वाटणी केली: ॲग्नस स्मृतीची ने-आण सांभाळणार, डेनीस चित्र उमटवणार, पॉला आवाज आणि डिस्क पाहणार. मुख्य प्रोसेसर मोटोरोला ६८००० यामुळे मोकळा राहणार. कल्पना उत्तम होती, पण खास चिप घडवणे म्हणजे मुखवटे तयार करणे, कारखान्याची पाळी धरणे, महिनोन्महिने वाट पाहणे. त्यातून चूक निघाली, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच आधी तारांनी जोडून खातरजमा करावी लागे.

४/२५
खास चिप आणि तारांचे जंगल यांच्यामध्ये काही पर्याय तोवर आले होते. सिग्नेटिक्सने १९७५ मध्ये वापरणाऱ्याला स्वतः जुळवता येईल अशी तर्कचिप आणली. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज या कंपनीतील जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी ‘पाल’ ही अधिक सुटसुटीत चिप दिली. तिच्या आत बारीक फ्यूज असत. नको असलेले फ्यूज जाळले, की उरलेल्या जोडण्यांतून हवे ते सर्किट तयार होई. ट्रेसी किडर यांच्या गाजलेल्या पुस्तकातील डेटा जनरल कंपनीचा संगणक याच चिप्सवर उभा राहिला. अडचण एकच: जळलेला फ्यूज पुन्हा जोडता येत नसे. चूक झाली, की चिप केराच्या टोपलीत.

५/२५
ही अडचण मुळापासून दूर करणारा विचार रॉस फ्रीमन यांनी मांडला. ते झायलॉग कंपनीत काम करीत होते. ट्रान्झिस्टरची किंमत दर काही वर्षांनी घसरत जाणार, हे त्यांनी गृहीत धरले. मग थोडे ट्रान्झिस्टर वाया गेले तरी चालतील. त्या बदल्यात चिप हवी तेव्हा बदलता यावी, असा त्यांचा हिशेब होता. ज्या पिढीला एकेक ट्रान्झिस्टर वाचवण्याचे बाळकडू मिळाले होते, तिला ही उधळपट्टी वाटणे स्वाभाविक होते. झायलॉगने रस दाखवला नाही. १९८४ मध्ये फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट यांनी ‘झायलिंक्स’ ही कंपनी स्थापन केली.

६/२५
१९८५ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुलैत न्यूयॉर्कमध्ये अमिगाचे जाहीर अनावरण झाले. तोवर तिन्ही खास चिप्स तयार झाल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झायलिंक्सने एक्ससी२०६४ ही पहिली एफपीजीए बाजारात आणली. तिच्यात ८ ओळी आणि ८ रांगा मिळून ६४ लॉजिक ब्लॉक होते, सुमारे ८५,००० ट्रान्झिस्टर होते. अमिगाचे सर्किट पोटात घ्यायला ती फारच लहान होती. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कल्पना एकमेकींना भेटायला आणखी वीस वर्षे लागली.

७/२५
एफपीजीएच्या आत नेमके काय असते? छोटे छोटे तक्ते. चार तारा आत येत असतील, तर त्यांच्या चालू-बंद अवस्थांच्या १६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीसमोर उत्तर म्हणून शून्य किंवा एक लिहून ठेवला, की कोणताही तार्किक नियम त्या तक्त्यात बसतो. चिप काही मोजत नाही. पाढे पाठ असलेल्या मुलासारखी ती उत्तर वाचून दाखवते. प्रत्येक तक्त्याशेजारी एका बिटाची आठवण ठेवणारा फ्लिपफ्लॉप असतो. असे शेकडो-हजारो तक्ते आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवरचे स्विच, एवढ्यावर सारा खेळ चालतो.

८/२५
हे तक्ते आणि स्विच ज्या स्मृतीत राहतात, ती वीज असेपर्यंतच टिकते. फ्रीमन यांनी फ्यूजऐवजी ही स्मृती निवडली, म्हणून एफपीजीए पाटीसारखी झाली: लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. पण वीज गेली, की पाटी कोरी. त्यामुळे अशा चिपशेजारी धडा जपून ठेवणारे आणि चालू होताच तो पाटीवर उतरवणारे काहीतरी हवेच. आजच्या लहानात लहान बोर्डावर आठ पायांची जी फ्लॅश मेमरी दिसते, ती बहुधा याच निर्णयाची खूण असते. ज्या थोड्या चिप्समध्ये ती दिसत नाही, त्यांच्या पोटातच ती सामावलेली असते.

९/२५
झायलिंक्सने स्वतःचा कारखाना काढला नाही. रचना आपण करायची आणि उत्पादन दुसऱ्याकडून करून घ्यायचे, हा मार्ग व्हॉन्डरश्मिट यांनी आखला. पहिली चिप जपानमधील सायको एप्सनने घडवली. आज हा मार्ग रूढ आहे, तेव्हा तो धाडसाचा होता. फ्रीमन यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९८९ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ट्रान्झिस्टरच्या स्वस्ताईवर त्यांनी लावलेली पैज जिंकलेली त्यांना पुरेशी पाहता आली नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचे नाव कोरले गेले.

१०/२५
याच काळात आणखी एक बदल घडत होता, आणि या धाग्याच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. सर्किट आजवर कागदावर रेखाटले जात असे. आता ते लिहिले जाऊ लागले. १९८४ च्या सुमारास व्हेरिलॉग ही भाषा आकाराला आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने घडलेली व्हीएचडीएल १९८७ मध्ये प्रमाणित झाली, व्हेरिलॉग १९९५ मध्ये. सर्किटाला मजकुराचे रूप मिळाले. मजकुराची नक्कल करता येते, तो दुरुस्त करता येतो, एका पाटीवरून दुसरीवर उतरवता येतो. तारांच्या जंगलाला हे भाग्य नव्हते.

११/२५
१९९४ मध्ये अमिगाची मालक कंपनी कमोडोर दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी जे मायनर यांचेही निधन झाले. चाहत्यांकडे यंत्रे होती, पण ॲग्नस, डेनीस आणि पॉला यांचा मूळ निर्माता उरला नव्हता. एखादी चिप निकामी झाली, तर दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढून घेणे एवढाच उपाय. ज्या हस्तलिखिताच्या प्रती होणे थांबले आहे आणि जुन्या प्रती एकेक करून वाळवीच्या तोंडी जात आहेत, तशी ही अवस्था होती. मिनिमिगचा प्रयत्न केवळ हौसेचा नव्हता, तो या अर्थाने जतनाचाही होता.

१२/२५
आता २००५ मधील निवड पाहू. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या परिसरात सुरू झालेल्या डिजिलेंट कंपनीने झायलिंक्सच्या स्पार्टन-३ या स्वस्त मालिकेसाठी शिकाऊ बोर्ड काढला होता. किंमत ९९ डॉलर. एफपीजीए प्रयोगशाळेतून विद्यार्थ्याच्या टेबलावर आणणाऱ्या बोर्डांपैकी तो एक. व्हॅन वीरन यांनी सुरुवात अशाच स्पार्टन-३ च्या तयार बोर्डावर केली. मूळ चिप्सचे आतले आराखडे हाती नसताना, त्यांचे बाहेर दिसणारे वर्तन व्हेरिलॉगमध्ये पुन्हा लिहायचे होते. कल्पना खरी आहे की नाही, हे आधी तयार पाटीवर पडताळायचे आणि मग स्वतःचा बोर्ड करायचा, हा क्रम शहाणपणाचा होता.

१३/२५
त्यांनी पुढे जो स्वतःचा बोर्ड केला, त्यावर मोजकीच मंडळी होती: चार लाख ‘गेट’ची म्हणून विकली जाणारी स्पार्टन-३, मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातील एक खराखुरा प्रोसेसर, २ मेगाबाइट स्थिर स्मृती, एक छोटा पिक मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कार्डाची खाच. यातील एकेक निवड म्हणजे एकेक प्रश्नाचे उत्तर आहे. आजही कोणताही छोटा बोर्ड घेताना नेमके तेच प्रश्न समोर येतात, म्हणून ते क्रमाने पाहण्यासारखे आहेत.

१४/२५
पहिला प्रश्न: काय एफपीजीएमध्ये घालायचे आणि काय बाहेर ठेवायचे? ६८००० जातीचा प्रोसेसर बाजारात मिळत होता. ॲग्नस, डेनीस आणि पॉला मिळत नव्हत्या. म्हणून प्रोसेसर विकत घेतला आणि न मिळणाऱ्या तीन चिप्स तेवढ्या पाटीवर लिहिल्या. त्यामुळे लहान, स्वस्त एफपीजीए पुरली. जे दुकानात मिळते त्यासाठी तक्ते खर्च करू नयेत, हा साधा नियम आहे. मायक्रोकंट्रोलर जे काम सहज करतो, त्यासाठी एफपीजीए घेणारे अनेक प्रकल्प या पहिल्याच प्रश्नावर अडतात.

१५/२५
दुसरा प्रश्न: किती तक्ते लागतील? येथे जाहिरातीतील आकड्यांपासून सावध राहावे लागते. ‘चार लाख गेट’ हा विक्रीचा हिशेब. त्या चिपमध्ये चार तारांचे तक्ते ७,१६८ होते. कंपनीगणिक ‘गेट’, ‘सेल’, ‘एलिमेंट’ या शब्दांचे अर्थ बदलतात, म्हणून तुलना तक्त्यांचीच करावी. दिवे लुकलुकवणे किंवा स्पंदने मोजणे यांना काही शेकडा तक्ते पुष्कळ होतात. ओलोफ किंडग्रेन यांचा ‘सर्व्ह’ हा चिमुकला प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळतो आणि म्हणूनच काही शेकड्यांतच मावतो. अमिगाच्या तीन चिप्ससाठी मात्र काही हजार लागले.

१६/२५
तिसरा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो: पिन किती? ६८००० ला डेटाच्या १६ आणि पत्त्याच्या २३ तारा असतात. १६-१६ बिटांनी वाचल्या जाणाऱ्या २ मेगाबाइट स्मृतीसाठी डेटा आणि पत्ता मिळून आणखी सुमारे ३६. अमिगाच्या ४,०९६ रंगांसाठी १२. नियंत्रणाच्या तारा, आवाज, कळफलक, माउस हे सारे वेगळेच. ढोबळ हिशेबातही शंभरी गाठली जाते. उलट आजच्या टायनीएफपीजीए बीएक्स या बोर्डावरील चिपमध्ये ७,६८० तक्ते आहेत, म्हणजे मिनिमिगच्या चिपपेक्षाही अधिक. पण बोर्डावर वापरायला मिळणाऱ्या पिन ४१. तक्ते पुरतात, दारे पुरत नाहीत.

१७/२५
चौथा प्रश्न व्होल्टचा. मूळ अमिगा ५ व्होल्टवर चाले. एक्ससी२०६४ सुद्धा ५ व्होल्टचीच होती. पण ट्रान्झिस्टर बारीक होत गेले, तसे त्यांना मोठे व्होल्टेज सोसेना. स्पार्टन-३ च्या पिनांना ३.३ व्होल्टपर्यंतचेच संकेत रुचतात, आतला गाभा तर १.२ व्होल्टवर चालतो. व्हॅन वीरन यांनी ३.३ व्होल्टवर चालणारा ६८००० चा अवतार निवडला आणि मधले रूपांतर टाळले. जुन्या यंत्राला नवा बोर्ड जोडायचा असेल, तर व्होल्टेज बदलणाऱ्या चिप्स लागणारच. पन्नास रुपयांची ही बाब विसरली, की हजारोंचा बोर्ड एका क्षणात जातो.

१८/२५
पाचवा प्रश्न स्मृतीचा. स्थिर स्मृती महाग पडते, पण पत्ता दिला की उत्तर देते. स्वस्त असलेल्या डायनॅमिक स्मृतीला मात्र सतत ताजे करत राहावे लागते आणि त्यासाठी वेगळे सर्किट लिहावे लागते. एकट्या माणसाने स्थिर स्मृती निवडली, हे समजण्यासारखे आहे. पाटीवर धडा उतरवण्याचे कामही त्यांनी काटकसरीने भागवले: पिक मायक्रोकंट्रोलर मेमरी कार्डावरून एफपीजीएचा धडा वाचून देई, आणि तोच पुढे फ्लॉपीची जागाही घेई. एका भागाकडून दोन कामे. कमीत कमी बोर्डाचा अर्थ भाग काढून टाकणे एवढाच नाही, उरलेल्या भागांना पुरेसे काम देणे हाही आहे.

१९/२५
जुलै २००७ मध्ये व्हॅन वीरन यांनी मिनिमिगचा सारा मजकूर जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. येथून कथेला वेगळे वळण मिळाले. इतरांनी तो मजकूर अल्टेरा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या बोर्डांवर उतरवला. टिल हारबाउम यांच्या ‘मिस्ट’ बोर्डावर तर प्रोसेसरही टोबियास गुबेनर यांनी लिहिलेला, एफपीजीएच्या आतलाच होता. २०१७ च्या सुमारास ‘मिस्टर’ प्रकल्पाने टेरासिकच्या डीई१०-नॅनो या, सुमारे १,१०,००० लॉजिक एलिमेंट असलेल्या बोर्डावर तीच परंपरा पुढे नेली. कंपनी बदलली, चिप बदलली, बोर्ड तीनदा बदलला. पाठ तोच राहिला.

२०/२५
पहिल्या पाटीचे काय झाले? चिप शाबूत आहे, पण तिच्यावर लिहिण्याचे साधन गोठले. व्हेरिलॉगमधील मजकूर चिपला समजणाऱ्या बिटांच्या ओळीत, म्हणजे बिटस्ट्रीममध्ये, बदलणारे सॉफ्टवेअर कंपनीचे होते: मोफत, पण बंद. झायलिंक्सने त्याची १४.७ ही अखेरची आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये काढली. नंतरच्या विवाडो या साधनात स्पार्टन-३ ला जागा नाही. म्हणजे धातू आणि वाळू टिकली, लेखणी मोडली. बोर्डाची किंमत विचारणारे पुष्कळ असतात; लेखणी कोणाच्या हातात आहे, हे विचारणारे थोडे.

२१/२५
लेखणी नेहमीच बंद नव्हती. नव्वदच्या दशकात झायलिंक्सच्या एक्ससी६२०० या मालिकेची बिटस्ट्रीम उघडपणे नोंदवलेली होती. १९९६ मध्ये ससेक्स विद्यापीठातील एड्रियन थॉम्पसन यांनी तिच्यावर एक विलक्षण प्रयोग केला. सर्किट कोणी रचायचे नाही. यादृच्छिक बिटांतून निवड करत, पिढ्यान्‌पिढ्या ‘उत्क्रांत’ होऊ द्यायचे. शेवटी १ आणि १० किलोहर्ट्‌झचे सूर वेगळे ओळखणारे, क्लॉकविना चालणारे सर्किट तयार झाले. बिटांचा अर्थ खुला होता, म्हणूनच हा प्रयोग शक्य झाला. दशक संपता संपता ती मालिका बाजारातून गेली आणि तो खुलेपणाही गेला.

२२/२५
तो परत आला २०१५ मध्ये, आणि कंपनीच्या कृपेने नव्हे. क्लेअर वुल्फ आणि मॅथियस लासर यांनी लॅटिसच्या आइस४० चिपची बिटस्ट्रीम उलगडली. प्रकल्पाचे नाव ‘आइसस्टॉर्म’. पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा दिसली. तो शब्द ‘दानं’ असावा, या तर्कातून ब्राह्मी वाचली गेली. येथेही किंचित फरक असलेली असंख्य छोटी सर्किटे कंपनीच्या साधनाला देऊन, निघालेल्या बिटांत काय बदलले हे ताडून पाहिले गेले. त्यातून मजकुरापासून चिपपर्यंतची पूर्णतः मुक्त वाट प्रथमच खुली झाली.

२३/२५
त्यानंतर छोट्या बोर्डांचे पीक आले. लॅटिसचा स्वतःचा आइसस्टिक, पेनड्राइव्हच्या आकाराचा, १,२८० लॉजिक सेलचा. अपडुइनो, आइसब्रेकर आणि यूएसबीच्या खाचेतच मावणारा फोमू, तिन्हींत ५,२८० तक्त्यांची चिप. २०१८ मध्ये डेव्हिड शाह यांनी लॅटिसच्याच मोठ्या ईसीपी५ चिपची लिपी उलगडली. झाग्रेबमधील रेडिओनाचा यूएलएक्स३एस हा बोर्ड त्याच चिपवर उभा आहे. चीनच्या सिपीडने गोविन चिपचे टँग नॅनो बोर्ड अतिशय स्वस्तात दिले: नऊ-के मध्ये ८,६४० तक्ते, वीस-के मध्ये २०,७३६, आणि दोन्हींत चिपच्याच वेष्टनात ८ मेगाबाइट स्मृती. गोविनची लिपीही ‘अपिक्युला’ प्रकल्पाने बरीच वाचली आहे.

२४/२५
हा विचार केवळ हौशी मंडळींचा नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या सुधारित रूपात अँटेनांकडून येणारे संकेत ‘रोच’ नावाच्या एफपीजीए बोर्डांवर प्रथम हाताळले जातात. हे बोर्ड बर्कलीतून सुरू झालेल्या ‘कॅस्पर’ या खगोलशास्त्रज्ञांच्या सहकारातून आले. प्रत्येक दुर्बिणीने नवे सर्किट शून्यापासून रचण्याऐवजी सामायिक बोर्ड आणि सामायिक मजकूर वापरावा, आणि नवी चिप आली की मजकूर तिच्यावर न्यावा, हे त्यांचे सूत्र. मिनिमिगला जे एका माणसाच्या खुल्या परवान्याने साधले, तेच येथे संस्थांनी ठरवून केले.

२५/२५
म्हणून निवडीचा क्रम असा लागतो: विकत न मिळणारे काम कोणते, पिन आणि व्होल्टेज किती, स्मृती कोणती, तक्ते किती, आणि सरतेशेवटी लेखणी कोणाची. शेवटचा प्रश्न मोठ्या चिपच्या बाबतीत तडजोड मागतो. मिस्टरही बंद साधनांवरच उभा आहे. तेथे एक पथ्य पाळता येते. क्लॉक जुळवणारे, स्मृतीचे, कंपनीगणिक बदलणारे भाग मजकुराच्या कडेला वेगळे ठेवावेत आणि गाभा साध्या व्हेरिलॉगमध्ये लिहावा. अल्टेरा २०१५ मध्ये इंटेलकडे गेली, झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीकडे. आज हातात असलेला बोर्डही दहा-पंधरा वर्षांत दुकानातून नाहीसा होईल. तेव्हा आतला पाठ दुसऱ्या पाटीवर उतरवता येईल काय, हे खरेदीच्या दिवशीच ठरलेले असते.